मालकाचा पहिला घोट

त्या माणसानं बिअरच्या पाइंटचा पहिला घोट घेतला, तो गिळायचा की नाही असा क्षणभर विचार केला, गिळला, आणि ग्लास काउंटरवर ठेवत अगदी हळू आवाजात म्हणाला, "मालक, ही आंबलीये हो." बस्स, एवढंच. भांडायला आलेला नव्हता बिचारा. पाठीवर पिशवी, बुटांना चिखल, डोंगरावरून तंगडतोड करून उतरलेला तहानेला माणूस. सांगावं लागलं म्हणून उलट तोच ओशाळला होता. पण थ्री टप्स नावाच्या या जुन्या पबात हे वाक्य आजवर कोणी उच्चारलं नव्हतं. बस स्टँडजवळच्या त्या नव्या, चकचकीत पबात रोज उच्चारलं जात असेल, इथं नाही. काउंटरच्या आत उभ्या असलेल्या लायनेल बूथरॉइडच्या हातातलं फडकं जागच्या जागी थांबलं. तो काही बोलणार त्याच्या आतच खिडकीखालच्या बाकावरून क्लेम डगडेल गरजला, "आंबलीये म्हणे! अरे, तुम्हाला बाटलीतलं गोड पाणी प्यायची सवय, तुम्हाला काय कळणार? मी बस चालवायला लागायच्या आधीपासून इथं पितोय!" विझलेल्या शेकोटीपाशी बसलेल्या नोरीन क्रॅबट्रीनं तर वाद घालायचीही तसदी घेतली नाही. तिनं आपला हाफ, म्हणजे अर्धा पाइंट, उचलला, मान मागे टाकून एका दमात रिकामा केला, ओठ पुसले आणि म्हणाली, "मला तर छान लागतेय, राजा." नोरीन सगळ्यांनाच राजा म्हणते, पोस्टमनला आणि मांजरालासुद्धा. लायनेलनं त्या पाहुण्याचा ग्लास उचलून खिडकीतल्या उजेडासमोर धरला. बिअर लख्ख होती, तिच्यातून समोरच्या चर्चचा कळस दिसत होता. मग सवयीनं त्यानं तो नाकाशी नेला, आणि फेब्रुवारीपासून रोज होत होतं तेच झालं. काहीच नाही. ग्लासात हवा होती आणि हवेत काही नव्हतं. तरी त्यानं नेहमीसारखी मान हलवली, नेहमीसारखं "हं" केलं, आणि त्या माणसाला बाटली उघडून दिली. "मनावर घेऊ नका, मालक," तो माणूस म्हणाला. "छे छे, मनावर कसलं घेतोय," लायनेल म्हणाला.

मालक! सगळे मालकच म्हणतात. पब बिअरच्या कारखान्याचा, पिंपं कारखान्याची, वरच्या मजल्यावरचा पलंग तेवढा त्याचा आणि एनिडचा. पण दाराच्या चौकटीवर पांढऱ्या रंगात नाव मात्र लायनेल बूथरॉइड. हे नाव तिथं कधी चढायचंच नव्हतं. तो आला होता तीन आठवड्यांसाठी. एनिडचे वडील, म्हातारा आर्मिटेज, तळघराच्या पायऱ्यांवरून घसरून कंबर मोडून पडला, आणि नव्यानं लग्न झालेल्या जावयानं मदतीला येणं म्हणजे काही उपकार नव्हेत. तेव्हा लायनेल कालव्यावरच्या मालवाहू बोटींवर काम करायचा. आज या गावी, उद्या त्या गावी, अंथरूण बोटीवरच. एनिडनंही बोटीला निळे पडदे शिवून ठेवले होते. मग एका सकाळी म्हाताऱ्यानं पडल्या पडल्या त्याच्यापुढे तीन ग्लास ठेवायला लावले आणि म्हणाला, "वास घे. बिघडलेली कोणती ते सांग." तिन्ही सारख्याच लख्ख. लायनेलनं वास घेतला आणि मधल्यावर बोट ठेवलं. "कशावरून?" "ओल्या पुठ्ठ्याचा वास येतोय." म्हातारा त्याच्याकडे बघतच राहिला, आणि मग हसायला लागला, कमरेची कळ सोसत हसायला लागला. तेव्हा लायनेललाही हसू आलं होतं, कौतुक झालं म्हणून छाती फुगली होती. गाढवासारखा खूश झाला होता तो! त्या दिवशी मधल्या ग्लासाऐवजी चुकीच्या ग्लासावर बोट पडलं असतं तर ते निळे पडदे आज कुठल्या तरी पाण्यावरून चालले असते. पण नाक चुकलं नाही. पिंप आलं की ते तळघरात लाकडी घोडीवर आडवं निजवायचं, मग त्याला हलवायचं नाही, धक्का लावायचा नाही. वरच्या भोकात मऊ लाकडाची खुंटी ठोकून त्याला श्वास घेऊ द्यायचा. आत बिअर जिवंत असते, ती आपल्या वेळेनं पिकते. पिकली की तोटी ठोकायची, आणि एकदा तोटी ठोकली की फार दिवस नाहीत, तिसऱ्या दिवशी ती उतरायला लागते. हे सगळं कोणीही शिकेल. पण काही पिंपं कारखान्यातूनच बिघडून येतात, दिसायला अशी लख्ख की फसावं, आणि ती पकडायला नाकच लागतं. म्हणून तर इथली रीत. रोज पब उघडला की पहिला ग्लास मालकाचा. त्यानं सगळ्यांसमोर वास घ्यायचा, एक घोट घ्यायचा आणि म्हणायचं, "चालेल." तेवढा एकच शब्द. तो ऐकू येईपर्यंत समोरच्या ग्लासाला कोणी हात लावायचा नाही, तहानेनं जीव गेला तरी. म्हातारा म्हणायचा, "खोटं बोलायचं तर एनिडशी बोल, ती सांभाळून घेईल. पण तो शब्द खोटा बोलू नकोस." आणि लायनेल बोललाही नव्हता. आर्मिटेज गेला, चौकटीवरचं नाव बदललं, पडद्यांच्या उशा झाल्या, आणि रोज दुपारी आणि संध्याकाळी तो शब्द तो म्हणत राहिला.

फेब्रुवारीत फ्लूनं अख्खं गाव झोपवलं. लायनेलही आठ दिवस अंथरुणात होता, आणि उठला तेव्हा जग धुऊन कोणीतरी वाळत घातल्यासारखं झालं होतं. सकाळी भाजलेल्या पावाचा वास नाही. तळघरात उतरलं की छातीत शिरायची ती ओली, आंबटगोड, दगडाची हवा नाही. एनिडच्या मानेपाशी साबणाचा जो वास यायचा, जो त्याला अंधारातही ती आहे हे सांगायचा, तो नाही. डॉक्टर म्हणाले, येईल परत, धीर धरा. मग म्हणाले, कधी कधी नाही येत. पहिले काही दिवस त्याची पाचावर धारण बसली होती. कोणाला सांगायची सोय नव्हती. नाक गेलेला मालक म्हणजे गळा गेलेला गवई. मग तो जिभेवर विसंबायला लागला, पण जीभ तरी काय, तिला कडू कळतं, खारट कळतं, तिच्या मागे नाक नसेल तर ती आंधळ्यासारखी चाचपडते. मग तो डोळ्यांवर विसंबला, तारखांवर विसंबला, पंपाच्या नळ्या दुप्पट वेळा धुतल्या. आणि कोणी काही बोलेना. उन्हाळा आला, गेला, सप्टेंबर संपत आला, कोणी चकार शब्द काढला नाही. तेव्हा त्याला वाटायला लागलं होतं की आपण निभावून नेतोय. आणि त्याच वेळी, खरं सांगायचं तर, तळघराच्या पायरीवर एकटा बसलेला असताना कधी कधी त्याला एक चोरटा आनंद व्हायचा. ज्याच्यामुळे आपण इथं अडकलो तेच गेलं. आता आपल्याला इथं कोणी ठेवून घेईल कशाला? हा विचार आला की तो घाईघाईनं उठून काहीतरी काम काढायचा.

पण आज तो माणूस बोलून गेला होता. गुरुवारची दुपारची वेळ संपून पब बंद झाला, क्लेम आणि नोरीन जेवायला आपापल्या घरी गेले, आणि लायनेल रिकाम्या खोलीत उभा राहिला. आंबलीये. नोरीननं मग ती कशी काय गटागटा संपवली? आणि एकदम त्याच्या लक्षात आलं की नोरीन आयुष्यात कधी गटागटा पीत नसे. एक हाफ ती दोन तास पुरवायची, पोस्टात शिक्के मारायची त्याच शिस्तीत. गटागटा पितात ते औषध. मे महिन्यात ती म्हणाली होती, "उकडतंय फार, थोडं लेमनेड घाल त्यात, राजा," आणि तेव्हापासून पाऊस असो, गारठा असो, तिला लेमनेड लागतंच. क्लेम ग्लासातलं शेवटचं बोटभर कधी सोडत नसे. हल्ली ग्लास रिकामा असायचा पण क्लेमच्या मिशीला फेस नसायचा. लायनेल खिडकीपाशी गेला. बाकाच्या मागे, खिडकीच्या कट्ट्यावर, एनिडच्या आईच्या वेळचं रुंद पानांचं झाड होतं, पितळी कुंडीत. ते कशानं मरत नाही, धुरानं नाही, अंधारानं नाही. आता त्याची निम्मी पानं पिवळी पडून लोंबत होती. त्यानं मातीत बोट घातलं. माती चिकट होती, चिंब होती, आणि एनिड त्या झाडाला फक्त रविवारी पाणी घालायची. त्यानं ते बोट नाकाशी धरलं, आणि आपण काय करतोय हे कळून स्वतःचीच चीड आली.

म्हणजे ह्या लोकांना माहीत होतं. सगळ्यांना. महिनोन्‌महिने ही माणसं त्याच्यासमोर बसून व्हिनेगर पीत होती आणि "बरी आहे आज," म्हणत होती. आधी त्याला लाज वाटली, अशी की कान तापले. रोज दुपारी, रोज संध्याकाळी तो ग्लास नाकाशी नेऊन, डोळे अर्धे मिटून तो शब्द म्हणायचा, आणि ते सगळे मान खाली घालून ऐकून घ्यायचे! नाटक कोण करत होतं, तो की ते? मग राग आला. ह्यांना तोंडं नाहीत का? एकानं, कोणीही एकानं, दाराआड घेऊन सांगितलं असतं, की बाबा रे, तुझं काहीतरी बिनसलंय. पण नाही. ह्या गावात समोरच्याला त्याच्या घरात बसून वाईट म्हणत नाहीत. पानात पडलेलं करपलेलं असलं तरी "वा, छान," म्हणायचं आणि कुत्र्याला शोधायचं. स्वतः लायनेलनं तरी काय वेगळं केलं होतं? क्लेमची बायको गेल्यावर क्लेमनं तिच्या आठवणीत केक केला होता, साखरेऐवजी मीठ घालून; सगळ्यांनी दोन दोन तुकडे खाल्ले होते, लायनेलनं तीन. तेव्हा ते किती चांगलं वाटलं होतं. आपण चांगली माणसं आहोत असं वाटलं होतं. आता तोच केक उलट बाजूनं त्याच्यापर्यंत आला होता, आणि तो घशाखाली उतरत नव्हता.

शुक्रवारी सकाळी स्वयंपाकघरात एनिड बटाटे सोलत होती. लायनेल टेबलापाशी बसला आणि त्यानं सरळच सांगितलं, "माझं नाक गेलंय." एनिडनं हातातला बटाटा पुरा केला, पाण्यात टाकला. "माहितीये," ती म्हणाली. "मार्चात दूध करपलं तेव्हापासून. तू शेजारी बसून पेपर वाचत होतास आणि मी वरून धावत आले." लायनेलनं विचारलं, "मग बोलली का नाहीस?" "तू बोलशील म्हणून वाट बघत होते." तिनं सुरी खाली ठेवली. तिचा आवाज एकदम चिरका झाला. "बोलशील आणि म्हणशील की आता पुरे झालं. रोज वाट बघत होते मी, लायनेल. देवाशप्पथ, रोज! ह्या घरात जन्मले मी. त्या काउंटरखाली माझा पाळणा होता. झोपताना खाली माणसं बोलत असतात आणि उठताना ग्लास धुवायचे असतात, ह्याशिवाय मला काही माहीत नाही. तुझ्याशी लग्न केलं ते बोटीवरचा म्हणून केलं." इतक्या वर्षांत ती असं कधी बोलली नव्हती. तिची धाकटी बहीण डोरिस फायली गावात समुद्राकाठी राहायची. तिच्या शेजारचं छोटं, एकमजली घर रिकामं होतं, मालक भाड्यानं द्यायला तयार होता, हे सगळं ती एका दमात बोलून गेली आणि मग जिभेला चटका बसल्यासारखी गप्प झाली. कारखान्याबरोबरचा पाच वर्षांचा करार महिनाअखेर संपत होता. सोमवारी कारखान्याचा माणूस, हेसल्टाइन, होकार की नकार विचारायला यायचा होता. आणखी पाच वर्षं म्हणजे दोघंही सत्तरीपाशी. त्यानंतर माणसं कुठं जात नाहीत, त्यांना नेतात. "सांगून टाकतो," लायनेल म्हणाला. "रविवारी दुपारी सगळे असतात, सगळ्यांनाच सांगतो. हेसल्टाइनच्या आधी त्यांना कळायला हवं, एवढं तर आपण देणं लागतो." "नक्की?" "नक्की. नाक नाही तर मालक कसला? ह्यात कोणाला वाईट वाटायचं कारण नाही, 'आम्हाला सोडून गेले' असं कोणी म्हणणार नाही." एनिडनं ओल्या हातानं त्याचा गाल धरला. साबणाचा वास येत असणार, त्यानं मनातल्या मनात तो घेतला.

शनिवारी तो तळघरात उतरला तेव्हा पायऱ्या नेहमीपेक्षा कमी वाटल्या. गुरुवारचं पिंप त्यानं मोरीत ओतून टाकलं होतं. नव्या पिंपाची बिअर बसली होती, निवळली होती. त्यानं लाकडी हातोडा घेतला आणि एका फटक्यात तोटी ठोकली, थेंब न सांडता. हात अजून चांगले आहेत, त्याला वाटलं, फायलीला ह्या हातांनी काय करावं? भिंती रंगवाव्यात. डोरिसच्या नवऱ्याची छोटी होडी होती. होडीत बसून काठाकडे पाठ करावी. त्यानं थोडी बिअर ग्लासात घेतली, उजेडाशी धरली. लख्ख. वास घेतला नाही, आज पहिल्यांदाच घेतला नाही. वर येऊन त्यानं ते पिवळं पडलेलं झाड कुंडीसकट उचललं आणि मागच्या अंगणात उन्हात ठेवलं. निदान ते तरी सुटू दे. रात्री एनिड खाली कपाट आवरत होती, डोरिसशी फोनवर बोलताना तिच्या तोंडून हसू फुटलं, आणि ते ऐकून लायनेलच्या डोळ्यांत पाणी आलं. ते हसू तो कुठं ठेवून विसरला होता कोण जाणे.

रविवारी बारा वाजता दार उघडलं. चर्च सुटून माणसं आली, रविवारची नेहमीची मंडळी. आपापल्या जागी बसली, ज्या जागांवर त्यांचे बाप बसायचे. एनिड वरून खाली आली ती निळा पोशाख घालून, ॲप्रन न बांधता. ॲप्रन दारामागच्या खिळ्यालाच होता. लायनेलनं तळघरातून बिअर वर खेचणाऱ्या पंपाची मूठ ओढून सगळ्यांचे ग्लास भरले, काउंटरवर ओळीनं ठेवले, आणि शेवटी आपला भरला. खोली गप्प झाली. सगळे त्याच्या नाकाकडे बघत होते. किती वर्षं बघतायत, त्याला वाटलं, माझ्याकडे कधी कोणी बघितलंच नाही. त्यानं ग्लास खाली ठेवला.

"आज मी म्हणणार नाही," तो म्हणाला.

"का रे बाबा?" क्लेम म्हणाला. "जिभेला काय झालं?"

"जिभेला नाही. नाक गेलंय माझं. फेब्रुवारीपासून. मला काही कळत नाही, चांगली काय आणि वाईट काय. तुम्हाला खराब पाजत आलोय मी."

कोणीतरी खुर्ची सरकवली. नोरीननं क्लेमकडे बघितलं, क्लेमनं छताकडे. मग नोरीननं सुटकेचा श्वास टाकला आणि म्हणाली, "हुश्श! एकदाचा बोललास, राजा. आम्हाला ईस्टरपासून माहितीये. ईस्टरला जी पाजलीस ना तू, तिनं माझी कवळी सैल झाली."

सगळी खोली हसली. दाबून ठेवलेलं हसू ते, सहा महिन्यांचं; एकजण तर डोळे पुसायला लागला. लायनेलही हसला, त्याला हसू आवरेना, आणि हसता हसता त्याला वाटलं, झालं, सोपं झालं, आता पुढचं वाक्य आपोआप येईल. "मग बोलला का नाहीत?" त्यानं विचारलं.

"बोलायचं काय त्यात?" क्लेमला खरोखरच प्रश्न पडला होता. "माणूस आजारी असला की असतं असं."

"तेच म्हणतोय मी. म्हणून मी आणि एनिडनं विचार केलाय की—"

"आम्हीपण केलाय," नोरीन म्हणाली आणि उठून काउंटरपाशी आली. तिचा चेहरा फुलला होता. "तू बोलल्याशिवाय कसं सांगणार, म्हणून थांबलो होतो. आता ऐक. सोमवार-मंगळवार मी. मधले दिवस क्लेम. शनिवार-रविवार ज्याला जमेल तो. दार उघडायच्या आधी मागच्या अंगणातून यायचं, एक घोट घ्यायचा, आणि तुला सांगायचं. मग तू इथं नेहमीसारखा वास घ्यायचास आणि म्हणायचंस. बाहेरच्या माणसाला काय कळतंय? तुझं नाक गेलं तर आमची आहेत ना!"

"आणि हेसल्टाइनची काळजी नको," क्लेम म्हणाला. "परवा बाजारात गाठ पडली. विचारत होता, लायनेलचं काय म्हणणं? म्हटलं, लायनेल कुठं जातोय? त्याला इथून न्यायचा तर आडवाच न्यावा लागेल!"

पुन्हा हशा. कोणीतरी टेबलावर थाप मारली. लायनेलनं एनिडकडे बघितलं. ती स्वयंपाकघराच्या दारात उभी होती आणि तिची नजर त्याच्या तोंडावर होती, वाक्य बाहेर पडायची वाट बघत. वाक्य होतं. ते तोंडात होतं, पाच-सहा शब्दांचं तर होतं: पण आम्हाला जायचंय हो इथून. शत्रूला म्हणता येतं. गिऱ्हाईकाला म्हणता येतं. पण जी म्हातारी तुमच्यासाठी पाच महिने लेमनेड घालून व्हिनेगर प्यायली आणि घरी जाऊन पोट धरून बसली असेल, तिला कसं म्हणायचं? क्लेमला घर होतं, पण त्या घरात मीठ आणि साखर वेगळी सांगणारं कोणी नव्हतं. त्याला ह्या बाकाशिवाय काय होतं? आणि सगळे किती खूश होते! एवढे खूश त्याला ते कित्येक वर्षांत दिसले नव्हते. त्यांना कामगिरी मिळाली होती. नाक गेल्यामुळे जे दार उघडलं होतं ते ही माणसं चारी बाजूंनी प्रेमानं लावून घेत होती, आणि तो आत उभा राहून बघत होता. बोल, त्यानं स्वतःला सांगितलं. अरे गाढवा, बोल ना.

"चला, आजचा दिवस माझा," क्लेम म्हणाला. तो काउंटरपाशी आला, त्यानं मोठ्या रुबाबात एक ग्लास उचलला, नाकाशी नेला आणि एक मोठा घोट घेतला. लायनेलचे डोळे अजून शाबूत होते. त्यानं बघितलं, घोट क्लेमच्या गळ्यापाशी आला आणि थांबला. गळ्याची घाटी वर गेली, खाली यायला तयार होईना. डोळ्यांच्या कडांना पाणी आलं. मग ती खाली आली. कारखान्यातूनच बिघडून आलेलं पिंप, लायनेलला कळलं. दिसायला अशी लख्ख की फसावं. क्लेमनं मिशी पुसली, मान हलवली आणि खणखणीत आवाजात म्हणाला, "फर्स्ट क्लास!" नोरीननं त्याच्या डोळ्यांकडे बघितलं, आणि तीही म्हणाली, "दिसतेच आहे छान."

म्हणजे हेही तसंच चालणार होतं. रोज कोणीतरी मागच्या दारानं येणार, एक घोट घेणार, आणि जे असेल ते असो, छान आहे म्हणणार. ते त्याला कधीच सांगणार नव्हते. इथून पुढं कधीच नाही. ओळीनं ठेवलेले ग्लास भरलेले होते, त्यांना कोणी हात लावत नव्हतं. सगळे थांबले होते. लायनेलनं आपला ग्लास उचलला. नाकाशी नेला, डोळे अर्धे मिटले. ग्लासात हवा होती. त्यानं घोट घेतला, ओला, गार, निर्जीव घोट, आणि डोळे उघडून एनिडकडे न बघता तो म्हणाला,

"चालेल."

हातांची एकच झुंबड उडाली. ग्लास उचलले गेले, कोणीतरी 'लायनेलच्या तब्येतीसाठी!' असं म्हणालं, आणि सगळे प्यायले. क्लेम आपल्या बाकावर जाऊन बसला. एक घोट घेतला, दुसरा घेतला, मग बोलता बोलता त्याचा ग्लासाचा हात सवयीनं मागे, खिडकीच्या कट्ट्याकडे गेला. कुंडी जागेवर नव्हती. हात तसाच चाचपडत राहिला. क्लेमनं वळून रिकाम्या कट्ट्याकडे बघितलं, मग लायनेलकडे. लायनेलनंही त्याच्याकडे बघितलं. क्लेमनं ग्लास पुढे आणला आणि तळापर्यंत संपवला.

एनिडनं दारामागच्या खिळ्यावरचा ॲप्रन काढला आणि निळ्या पोशाखावर बांधला. गाठ मारायला तिला जरा वेळ लागला. मग ती बाहेर आली, क्लेमचा रिकामा ग्लास उचलून तिनं काउंटरवर ठेवला. "क्लेमला अजून एक," ती म्हणाली. लायनेलनं पंपाची मूठ धरली आणि ओढली.